गोदासाठी गाडीतला हार्नेस हवा आहे : घेताना नेमकं काय बघायचं?

पाऊलवाट (पुणे)

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वेळा वाचतेच, लिहिणं कमी होतं. पण गेल्या शनिवारपासून डोक्यात दुसरं काही नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

आमची गोदा चार वर्षांची इंडी, म्हणजे देशी कुत्री आहे, वजन १९ किलो. नाशिकला बहिणीकडे गेलो असताना गोदाघाटावर सापडली, म्हणून गोदा. आमचं गाव श्रीवर्धनजवळ, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी ताम्हिणीतून माणगावमार्गे जाणं होतं. गोदा मागच्या सीटवर आईच्या शेजारी बसते. तिला मोकळं कधीच बसवलं नाही. ऑनलाइन घेतलेला हार्नेस, म्हणजे छातीभोवती घालायचा पट्टा, आणि त्याला जोडायची हातभर लांब पट्टी. पट्टीचं एक टोक सीटबेल्टच्या बकलमध्ये खटकन बसतं, दुसऱ्या टोकाला हुक. डब्यावर ठळक अक्षरांत ‘क्रॅश टेस्टेड’ लिहिलं होतं. ते वाचूनच घेतलं होतं.

शनिवारी निवे ओलांडून पुढे गेलो होतो. धुकं होतं, वेग पंचेचाळीसच्या आसपास. वळणावर म्हशी आडव्या आल्या आणि नवऱ्याने पूर्ण ब्रेक मारला. गाडी वेळेत थांबली, कुठेही आदळली नाही. पण गोदा दोन सीटांच्या मधून थेट पुढे फेकली गेली आणि तोंड हँडब्रेकवर आपटलं. ओठाला तीन टाके पडले. हार्नेसचं छातीवरचं प्लॅस्टिकचं बकल दोन तुकडे होऊन आईच्या पायाशी पडलं होतं. आता गोदा गाडीच्या दाराशी गेली की बसकण मारते, हलतच नाही.

नुसत्या ब्रेकला ही गत, तर खरी धडक झाली असती तर? कोणी नीट अभ्यास करून गाडीतला हार्नेस घेतला आहे का? काय बघायचं? मोठी गाडी घेणं शक्य नाही, आमची साधी हॅचबॅक आहे. आणि या ‘क्रॅश टेस्टेड’ला काही अर्थ असतो का?

रानजाई

अगं बाई गं. गोदा आता कशी आहे? टाके घातले तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासली का? छातीला मार बसला असेल तर फुप्फुसाला आलेली सूज पहिल्या दिवशी कळत नाही, एक-दोन दिवसांत श्वास जोरात चालायला लागतो. झोपलेली असताना मिनिटाला किती श्वास घेते ते मोज. शांत झोपेत तीसच्या वर जात असतील तर थांबू नकोस, दाखवून आण.

पाऊलवाट

रानजाई, तपासली. एक्स-रेसुद्धा काढला, ठीक आहे. श्वास मोजले, एकवीस-बावीस येतात. हे मला माहीतच नव्हतं, मनापासून आभार.

उंबरठा (ठाणे)

वाचून वाईट वाटलं. आमचा पग आठ किलोचा आहे. तो पुढच्या सीटवर बायकोच्या मांडीवर बसतो आणि तिने दोन्ही हातांनी धरलेला असतो. लहान कुत्र्याला हेच सुरक्षित असं आम्हाला वाटत आलं आहे. आजवर काही झालेलं नाही. हार्नेसमध्ये त्याला धाप लागते. यात काही चुकतंय का?

धुरा (चाकण)

उंबरठा, चुकतंय. तुमच्या पगला तुमच्याइतकंच जपावं असं वाटतं म्हणून स्पष्ट लिहितो.

मी गेली अठरा वर्षं गाड्यांच्या सुट्या भागांच्या कामात आहे, त्यातली काही वर्षं सीट आणि बेल्ट बसवण्याच्या कामात गेली. थोडा हिशेब मांडतो.

ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी धडकून थांबली, तर आतल्या मोकळ्या वस्तूचा वेग तितकाच राहतो. हा वेग म्हणजे साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका. ताशी ८० ला तो पंचवीस मीटरवर जातो, म्हणजे आठवा मजला. आठ किलोच्या कुत्र्याला ५० च्या वेगावरून अर्ध्या मीटरच्या आत थांबवायचं, तर हातांवर सरासरी दीडशे किलोचा भार येतो. तेही डोळ्याची पापणी लवण्याआधी. कोणत्याही माणसाचे हात हे पेलू शकत नाहीत, कितीही घट्ट धरलं तरी. त्यात पुढच्या सीटवर एअरबॅग आहे. ती उघडते तेव्हा मांडीवरचा पग तिच्या आणि तुमच्या पत्नीच्या मधे सापडतो. दोघांनाही धोका. आज रात्री घरी जाताना मागे बसा, एवढं तरी करा.

आता पाऊलवाट, तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या हार्नेसचं बकल ब्रेकलाच का तुटलं, ते समजून घेण्यासारखं आहे. कारण पुढचा हार्नेस निवडताना हीच गोष्ट कामाला येईल.

जोरात ब्रेक मारला की गाडी गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ०.८ पटीने मंदावते. गोदा सीटला घट्ट जखडलेली असती, तर त्या ब्रेकला पट्ट्यावर फक्त पंधरा किलोचा ताण आला असता. कुठलंही स्वस्त बकल तो सोसतं. पण तुमची पट्टी हातभर लांब, म्हणजे ढील होती. समजा ६० सेंटिमीटर. तेवढ्या अंतरात गाडी मंदावत गेली आणि गोदा मात्र पुढेच जात राहिली. पट्टी ताणली गेली तेव्हा गाडीच्या तुलनेत तिचा वेग ताशी अकरा किमीच्या आसपास झाला असणार. मग पट्टीने तिला पाचेक सेंटिमीटरमध्ये थांबवलं. हा झटका सरासरी एकशे ऐंशी किलोचा होतो. पंधरा कुठे आणि एकशे ऐंशी कुठे! हा सगळा फरक ढिलाईचा आहे. बकल तिथेच गेलं.

म्हणून माझा पहिला आग्रह लांबीचा. कुत्र्याला बसता यावं, आडवं होता यावं, एवढीच मोकळीक. खिडकीबाहेर तोंड काढता येईल इतकी पट्टी असेल तर ती गाडीसाठी नाही. रबरासारख्या ताणणाऱ्या, ‘झटका शोषणाऱ्या’ म्हणून मिळणाऱ्या पट्ट्याही मला पटत नाहीत. त्या ताणल्या जातात आणि तेवढ्यात कुत्रा पुढच्या सीटपर्यंत पोचतो.

दुसरं म्हणजे भार कुठून कुठे जातो ते बोटाने शोधा. हार्नेस हातात घ्या, पाठीवरच्या कडीपासून सुरुवात करा आणि छातीपर्यंत बोट फिरवत या. वाटेत कुठेही प्लॅस्टिकचं बकल लागलं, तर अपघाताचा सगळा भार त्या प्लॅस्टिकवर आहे. फिरायला न्यायचे बहुतेक हार्नेस असेच असतात आणि फिरायला नेण्यासाठी ते उत्तम असतात. गाडीच्या हार्नेसमध्ये भार घेणारी पट्टी सलग हवी किंवा बकल धातूचं हवं. छातीवर रुंद, गादीसारखा भाग हवा, म्हणजे भार छातीच्या हाडांवर पसरतो. बारीक पट्ट्या कापतात.

तुलनेसाठी एक आकडा देतो. माणसांच्या सीटबेल्टची पट्टी युरोपीय नियमानुसार १४,७०० न्यूटनला तुटता कामा नये. म्हणजे जवळजवळ दीड टन. गाडीतली सगळ्यात भक्कम पट्टी तुमच्याकडे आधीच आहे. म्हणून गाडीचाच बेल्ट ज्याच्या पाठीवरच्या फाशांमधून ओवता येतो असा हार्नेस मला सगळ्यात जास्त पटतो. बकलच्या खाचेत खोचायच्या छोट्या पट्टीची जीभ प्रत्येक गाडीत सारखी बसत नाही आणि लाल बटणावर कुत्र्याचा पाय पडला की ती सुटते. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे.

आणि गळपट्ट्याला बेल्ट कधीच नाही. कोणत्याही कारणाने नाही. मान तुटते.

उंबरठा

धुरा, तुम्ही सांगितलंत ते पत्नीला वाचून दाखवलं. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. आजच मागे बसवलं. पण हार्नेसमध्ये त्याला धाप लागते त्याचं काय करू?

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

उंबरठा, पगसाठी हार्नेसचा हट्ट धरू नका. नाक चपटं, मान आखूड, त्यामुळे पट्टा गळ्याशी सरकतो. जर्मनीत वाहनचालकांची एडीएसी ही मोठी संघटना आहे. लहान प्राण्यांसाठी ते पेटी सुचवतात आणि ती ठेवायची जागाही सांगतात : पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत. तिथे पेटी पुढच्या सीटच्या पाठीला टेकते, उडायला जागाच उरत नाही. सीटवर पेटी ठेवून तिच्याभोवती बेल्ट आवळणं मात्र टाळा. बेल्टसाठी बनवलेली नसेल तर धडकेत बेल्टच तिला चेपतो.

इथे कायद्याच्या दृष्टीने गाडीतला कुत्रा म्हणजे ‘सामान’. ऐकायला कसंतरीच वाटतं, मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण त्यामुळे सामान बांधण्याचा नियम त्याला लागू होतो. नीट बांधलेला नसेल तर चालकाला दंड होतो. इंग्लंडच्या हायवे कोडमध्येही ५७ क्रमांकाचा नियम नेमका यावरच आहे.

आमचा लॅब ३२ किलोचा. डिकीत धातूची पेटी, तीही आडवी आणि मागच्या सीटच्या पाठीला चिकटून. माझं मत विचाराल तर मोठ्या कुत्र्यासाठी चांगली पेटी हार्नेसपेक्षा बरी. पण पाऊलवाट यांची हॅचबॅक आहे आणि डिकीत सामान जाणार, तेव्हा त्यांना हे जमणं कठीण.

माळरान (लातूर)

आमच्याकडे दोन कारवानी (शिकारी जातीची कुत्री) आहेत. वर कोणी शरीराच्या ठेवणीबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो. ताई, तुमची गोदा इंडी आहे म्हणजे छाती खोल आणि कंबर बारीक असणार. आमच्या कारवानींचं तर विचारूच नका. दुकानात मिळणारे हार्नेस लॅब किंवा बीगल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले वाटतात. छातीला बरोबर बसला तर पोटाकडे ढिला, पोटाला आवळला तर काखेत घासतो. आणि कुत्रं घाबरलं की पुढे ओढत नाही, मागे सरकतं. मागे सरकलं की दोन्ही कोपरं बाहेर आणि हार्नेस तुमच्या हातात.

औशाहून येताना आमच्या राणीने चालत्या गाडीत असाच काढून टाकला होता. नशीब, काचा वर होत्या.

म्हणून घरी तपासा. हार्नेस घाला, समोर उभे राहा आणि पट्टी तुमच्याकडे हळूच ओढा, म्हणजे ती मागे सरकायला बघेल. कोपर निम्मं जरी सुटलं तरी तो हार्नेस परत करा. बरगड्यांच्या मागे, कंबरेच्या थोडं पुढे तिसरी पट्टी असलेले हार्नेस मिळतात, शिकारी जातींसाठी ते बरे. माप घेताना छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे सगळ्यात जास्त भरतो तिथे घ्या. मान खाली, खांद्याला मिळते तिथे मोजा. बसवल्यावर कुठल्याही पट्टीखाली दोन बोटं सपाट जायला हवीत, तिसरं नको.

धुरा

माळरान, फार महत्त्वाचं लिहिलंत. एकच जोडतो : तीन पट्ट्यांचा म्हणून तो आपोआप गाडीचा होत नाही. बकलचं बोट तिथेही फिरवायचंच.

हडसन (न्यू जर्सी)

‘क्रॅश टेस्टेड’बद्दल मी सांगते. अमेरिकेतही कुत्र्यांच्या हार्नेससाठी सरकारी सक्तीचं मानक नाही. कोणीही आपापली चाचणी करून, किंवा न करताही, डब्यावर ते दोन शब्द छापू शकतं. किती वेगाला चाचणी केली, किती वजनाच्या पुतळ्यावर केली आणि पुतळा शेवटी कुठे जाऊन पडला, हे लिहिलेलं नसेल तर त्या शब्दांना काही किंमत नाही.

इथे सेंटर फॉर पेट सेफ्टी नावाची ना-नफा संस्था आहे. २०१३ साली त्यांनी सुबारू कंपनीच्या साहाय्याने हार्नेसची धडक-चाचणी केली. लहान मुलांच्या सीटसाठी जी चाचणी असते तिच्या धर्तीवर, ताशी ३० मैल म्हणजे ४८ किमी वेगाला. कुत्र्यांचे पुतळे साधारण ११, २० आणि ३४ किलोचे. त्या चित्रफिती मी पाहिल्या. पुतळा हार्नेससकट सीटवरून निघून पुढे जातो, काही ठिकाणी कड्या तुटतात, काही ठिकाणी शिवण उसवते. बघवत नाही. त्या वेळी सगळ्यांत सरस ठरला तो स्लीपीपॉड कंपनीचा क्लिकइट युटिलिटी. पुढे संस्थेने स्वतःचं प्रमाणपत्र सुरू केलं. ते मिळालेल्या वस्तूंची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. हार्नेस फार थोडे आहेत. लांब जोडपट्ट्या आणि छताजवळ आडव्या बांधायच्या दोऱ्या यांना त्यांचा विरोध आहे, धुरा यांनी सांगितलेल्याच कारणासाठी.

माझ्याकडे त्याच कंपनीचा क्लिकइट स्पोर्ट आहे. जाड जॅकेटसारखा, छातीभर पसरतो. पाठीवर दोन रुंद फासे आहेत, त्यांतून गाडीचा बेल्ट ओवायचा. तोटाही सांगते. त्यात कुत्र्याला मागे वळता येत नाही, गोल फिरता येत नाही. बसायचं किंवा आडवं व्हायचं, एवढंच. माझ्या कुत्रीला पहिले पंधरा दिवस अजिबात आवडलं नाही.

गोफण (सातारा)

मी गिर्यारोहण करतो. हुकाबद्दल दोन शब्द. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीवर, किलोन्यूटनमध्ये आकडा कोरलेला असतो, २२ किंवा त्याच्या आसपास, म्हणजे दोन टनांच्या वर. कुत्र्यांच्या पट्ट्याला येणारा चकचकीत हुक बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असतो, त्याच्यावर आकडाच नसतो. तो वाकत नाही, तडकतो. म्हणून कॅराबिनर वापरावा असं मनात येईल, पण एकटा हुक भक्कम करून भागत नाही. मग त्याच्या पुढची कडी जाते.

उन्हात राहिलेली नायलॉनची पट्टी कमकुवत होते, ही आणखी एक गोष्ट. गाडीच्या मागच्या काचेखाली हार्नेस वर्षभर पडून ठेवू नका.

पाऊलवाट

सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला आणि आईला वाचून दाखवले. बोट फिरवून बघितलं. जुन्या हार्नेसमध्ये पाठीच्या कडीपासून छातीपर्यंत दोन प्लॅस्टिकची बकलं आहेत, त्यातलं एक तुटलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून तो तसाच होता आणि मी डब्यावरची अक्षरं वाचत बसले.

एक विचार मनात आहे. आमच्याकडे गाड्यांची सीटकव्हरं शिवणारे एक काका आहेत, त्यांचं काम फार पक्कं असतं. जुन्या सीटबेल्टची पट्टी आणून त्यांच्याकडून गोदाच्या मापाचा हार्नेस शिवून घेतला तर?

गोफण

ताई, नको. काकांच्या कामाबद्दल शंका नाही. पण सीटकव्हरची शिवण ताणासाठी नसते. भार घेणाऱ्या शिवणीला विशिष्ट जाडीचा दोरा, विशिष्ट टाके आणि ठरावीक आकाराचा नमुना लागतो, आणि ती ओढून तपासावी लागते. दोरा चुकला तर पट्टी दीड टनाची आणि शिवण दीडशे किलोची, असं होतं. जुन्या गाडीतून काढलेली पट्टी आधी एखाद्या अपघातात ताणली गेली आहे का, तेही कळत नाही. आम्ही गिर्यारोहक एकदा जोराचा झटका बसलेली स्लिंग (पट्टीचा फास) पुन्हा वापरत नाही. हार्नेसचंही तसंच : एकदा मोठा झटका बसला की तो बदलायचा, बाहेरून कितीही चांगला दिसला तरी.

धुरा

गोफण यांच्याशी शंभर टक्के सहमत. काकांकडून गादीवरचं कव्हर शिवून घ्या, हार्नेस नको.

चिंचोके (नवी मुंबई)

आपल्याकडे कुत्र्यासाठी कायदा काय आहे? मागे कोणीतरी दंड भरल्याचं ऐकलं होतं.

धुरा

सीटबेल्टचा नियम माणसांसाठी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १३८ वा नियम मागच्या सीटवरच्या माणसांनाही बेल्ट लावायला सांगतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड हजार रुपये आहे. तरी मागे बसणारे फारसे लावत नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला, ते मागे बसले होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर १ नोव्हेंबरपासून मुंबई पोलिसांनी मागच्यांसाठीही सक्ती सुरू केली. कुत्र्याच्या हार्नेसबद्दल त्या नियमात काही नाही. पण मांडीवर कुत्रा घेऊन गाडी चालवली तर धोकादायक वाहनचालन म्हणून पोलीस अडवू शकतात.

एक मात्र सांगतो. कुत्र्याला बांधलं आणि शेजारी आई बेल्टशिवाय बसली, असं करू नका. धडकेत आईच गोदावर पडतील.

पाऊलवाट

धुरा, खरं सांगते, आईने बेल्ट लावलेला नव्हता. पुढच्या सीटवर हात टेकला म्हणून वाचली. आता लावते.

सुगरणचोच (पुणे)

मी डॉक्टर नाही, पण प्राण्यांच्या दवाखान्यात सहा वर्षं मदतनीस होते. कोणता हार्नेस घ्यायचा ते वर झालंच आहे. मला गोदाच्या मनाची काळजी वाटते. ती दाराशी बसकण मारते आहे, म्हणजे गाडी आणि दुखणं यांची गाठ तिच्या डोक्यात बसली आहे. नवा हार्नेस आणला आणि तसाच चढवून गाडीत कोंबलं, तर हार्नेसही त्या गाठीत अडकेल.

त्यामुळे हार्नेस आधी घरात. पहिले दोन-तीन दिवस नुसता जमिनीवर ठेवा, त्याच्यावर खाऊ ठेवा. मग तिच्या नाकापुढे धरा, तिने स्वतः तोंड घातलं की खाऊ. मग पाठीवर टाकून काढून घ्या. बकल लावल्याचा आवाज जेवणाच्या वेळी ऐकू येऊ दे. घालून घरात पाच मिनिटं, मग दहा. तोपर्यंत गाडीकडे वेगळं काम चालू ठेवा : बंद गाडी, चारही दारं उघडी, आत उकडलेल्या चिकनचे तुकडे. ती चढली नाही तरी चालेल, ओढू नका. इंजिन चालू करणं सगळ्यात शेवटी. पहिली फेरी सोसायटीच्या फाटकापर्यंत. आम्ही दवाखान्यात पाहिलेल्या कुत्र्यांपैकी काहींना दहा दिवस लागले, एकीला दोन महिने. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून.

घाटात उलटी होत असेल तर निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको. मॅरोपिटंट नावाचं औषध असतं, पण ते डॉक्टरांनी वजन बघून द्यायचं. माणसांच्या गोळ्या देऊ नका. आणि बांधलेल्या कुत्र्याला गाडीत एकटं सोडून चहाला उतरू नका. बाहेर २४ अंश असेल तरी बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ पर्यंत जातं. माणगावात मे महिन्यात काय होईल ते तुम्हीच बघा.

शिंपलीघर (रत्नागिरी)

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, लिहू की नको असं झालं होतं.

तीन वर्षांपूर्वी महामार्गावर आमची गाडी दुभाजकावर चढली. आम्हा दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. आमचा काजू मागे मोकळा होता. त्यालाही लागलं नव्हतं. पण मागची काच फुटली होती, तो तिथून बाहेर पडला आणि भर रहदारीत पळत सुटला. आम्ही हाका मारत होतो, तो मागे वळून बघत नव्हता. दोन दिवसांनी सहा किलोमीटरवरच्या एका वीटभट्टीवर सापडला. तिथल्या बायकांनी त्याला भाकरी घातली होती.

धडकेतून वाचलेला कुत्रा घाबरून पळतो, हे मला त्या दिवशी कळलं. आता हार्नेसवर आमचा फोन नंबर भरतकाम करून घेतला आहे, गळपट्ट्यावर वेगळा बिल्ला आहे, आणि मायक्रोचिपही बसवली. बेल्ट कापायची छोटी सुरी चालकाच्या दारात असते, बकल अडकलं तर उपयोगी पडावी म्हणून.

रानजाई

शिंपलीघर, काजू सापडला हे वाचून डोळे भरून आले. त्या बायकांचं भलं होवो.

बोरांटी (नागपूर)

आमच्या शेरूला डावा पुढचा पाय नाही, ट्रकखाली आला होता. त्याला छातीवरून पट्टे जाणारा कुठलाच हार्नेस बसत नाही, त्या बाजूने घसरतो. काय करू?

सुगरणचोच

बोरांटी, शेरूसाठी नेकारकाठ म्हणाले तशी पेटीच बघा. एका खांद्यावर टेकणारा हार्नेस धडकेत फिरतो आणि मानेत रुततो. पेटीत खाली न घसरणारी रबरी चटई घाला, एकच पुढचा पाय असलेल्याला वळणावर तोल सावरता येत नाही. कडेला गुंडाळलेली गोधडी ठेवा, टेकायला.

पाऊलवाट

सात आठवड्यांनी येते आहे, उशीर झाला.

हडसन यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून धीर दिला आणि सुट्टीला येताना त्यांच्यासारखाच हार्नेस माझ्यासाठी आणला. त्यांचे आभार इथे सर्वांसमोर मानते. माळरान यांनी सांगितल्याप्रमाणे माप घेतलं, दोनदा. मागे सरकायची परीक्षा घेतली, गोदाची कोपरं सुटली नाहीत.

तिला घालण्याआधी आम्ही त्यात तांदळाचं वीस किलोचं पोतं आवळून बसवलं आणि रविवारी पहाटे रिकाम्या मैदानावर तीस-पस्तीसच्या वेगाला ब्रेक मारून बघितले. पहिल्या वेळी पोतं सीटच्या कडेपर्यंत सरकलं. बेल्ट पुरता आवळला नव्हता, एवढंच कारण. आवळून पुन्हा केलं तेव्हा चार बोटंसुद्धा हललं नाही.

सीट डाव्या बाजूची निवडली, म्हणजे उतरताना गोदा रस्त्याच्या कडेला उतरते, वाहनांच्या बाजूला नाही. काचेचं बटण चालकाकडून बंद ठेवतो.

सुगरणचोच, तुमच्या पद्धतीने एकोणतीस दिवस लागले. विसाव्या दिवशी ती आपणहून चढली आणि मी पार्किंगमध्येच रडले.

धुरा

पोत्याची कल्पना फार आवडली. फक्त एवढं लक्षात असू द्या की याने ढिलाई कळते, पीळ कळतो. खऱ्या धडकेचा भार याच्या कितीतरी पट असतो, तेव्हा यावरून वेग वाढवू नका. आणि प्रवासात दर थांब्यावर बेल्ट पुन्हा आवळा. कुत्रा कूस बदलतो तसा तो हळूहळू ढिला होत जातो.

उंबरठा

आमचा पग आता पुढच्या सीटमागच्या पेटीत जातो. पहिल्या दिवशी खारेगाव टोलनाक्यापर्यंत रडला. काल पनवेल यायच्या आत घोरत होता.

बोरांटी

शेरूसाठी पेटी मिळाली, पण चटई घसरते आहे. सुगरणचोच, खाली चिकटवायची का?

सुगरणचोच

चिकटवू नका, धुता येणार नाही. योगाची चटई पेटीच्या तळापेक्षा दोन बोटं मोठी कापा आणि कडा वर दुमडून दाबून बसवा. गोधडी डाव्या बाजूला.

पाऊलवाट

परवा श्रीवर्धनला जाऊन आलो. त्या वळणावर आईने बेल्टवर हात ठेवला आणि दुसरा हात गोदाच्या पाठीवर. गोदाने मान उचलून बाहेर बघितलं, म्हशी नव्हत्या. मग परत आडवी झाली. माणगावला थांबून बेल्ट आवळला, दोन बोटं ढिला झाला होता.